तळहाताएवढ्या रबरावर

पावसाळ्यात कपिलधारला धबधबा बघायला गेलात, तर भिजून झाल्यावर बाहेर लावलेल्या मोटारसायकलींमधून एक चक्कर मारा. मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर महामार्ग सोडून बालाघाटच्या डोंगरात वळलं की कपिलधार येतं. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी इथे पायी दिंड्या येतात, पण आषाढ-श्रावणात मात्र बीड, केज, अंबाजोगाईकडून येणाऱ्या दुचाक्यांची रांग लागते. त्यातल्या बहुतेक गाड्यांना वेगाचा एक साधा काटा असतो. एखाद्या नव्या गाडीला मात्र काट्याऐवजी रंगीत पडदा दिसेल आणि मालकाने चावी फिरवली की त्यावर शब्द उमटतील : रेन, रोड, स्पोर्ट. काही गाड्यांवर आणखी एक शब्द असतो, ट्रॅक.

मालकदादांना विचारलंत तर ते सांगतील, "हे मोड आहेत. बटण दाबलं की गाडीचा स्वभाव बदलतो."

स्वभाव बदलतो म्हणजे काय होतं? इंजिन तेच, चाकं तीच, पेट्रोलही तेच. मग बटणाने बदललं काय?

जुन्या गाडीत उजव्या हाताची मूठ पिळली की एक केबल ओढली जाते. केबलच्या दुसऱ्या टोकाला इंजिनमध्ये हवा सोडणारी झडप असते. मूठ जितकी पिळाल तितकी झडप उघडते. हात आणि इंजिन यांच्यामध्ये फक्त एक तार! नव्या गाड्यांमध्ये ही तारच काढून टाकली आहे. मुठीत एक सेन्सर असतो. मूठ किती अंश फिरली हे तो गाडीच्या छोट्या संगणकाला कळवतो. संगणक विचार करतो आणि एका इवल्याशा मोटरला सांगतो, "आता झडप एवढी उघड."

गंमत या 'विचार करतो'मध्ये आहे. तुम्ही मूठ अर्धी पिळली म्हणून संगणकाने झडप अर्धीच उघडली पाहिजे असं कुठे आहे? रेन मोडमध्ये तो झडप थोडी आणि सावकाश उघडतो. स्पोर्टमध्ये झटक्यात आणि जास्त उघडतो. होसूरला तयार होणाऱ्या टीव्हीएस अपाचे आरआर ३१० या गाडीला २०२० साली असे चार मोड मिळाले : अर्बन, रेन, स्पोर्ट आणि ट्रॅक. स्पोर्ट आणि ट्रॅकमध्ये तिची ताकद ३४ अश्वशक्ती असते. अर्बन आणि रेनमध्ये तेच इंजिन २५.८ अश्वशक्तीवर थांबतं. आठ घोडे तबेल्यातच राहतात! आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकलाही असे मोड आहेत आणि बजाजच्या पल्सर एनएस ४००ला तर चिखलमातीसाठीही वेगळा मोड दिलेला आहे.

मोड ब्रेकमध्येही लुडबुड करतात. चाकाजवळ नीट पाहिलंत तर ब्रेकच्या मोठ्या तबकडीच्या आत खाचा पाडलेली एक छोटी गोल पट्टी दिसेल. चाक फिरताना शेजारचा सेन्सर या खाचा मोजत असतो. खाचा येणं एकाएकी थांबलं, म्हणजे चाक फिरायचं थांबून घसरायला लागलं. मग एबीएस नावाची, चाक अडकू न देणारी यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते, पुन्हा आवळते, पुन्हा सैल करते, आणि हे सगळं एका सेकंदात कितीतरी वेळा. भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाक्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. रेन मोडमध्ये हा पहारेकरी फार जागरूक असतो, जराशी शंका आली तरी मध्ये पडतो. ट्रॅक मोडमध्ये त्याला सांगितलेलं असतं, "अगदी गरज पडली तरच ये, चालवणाऱ्याला त्याचं काम करू दे."

आता हा ट्रॅक म्हणजे काय ते बघू. ट्रॅक म्हणजे फक्त शर्यतीसाठी बांधलेला रस्ता. समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी जात नाही, वळणावर वाळू सांडलेली नसते. बीड जिल्ह्यात असा ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला आहे, ३.७ किलोमीटर लांबीचा आणि १२ वळणांचा. तो १९९० साली सुरू झाला. कोइम्बतूरला एक आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आहे, जिथे सप्टेंबर २०२३मध्ये जगातली सगळ्यात वेगवान मोटारसायकल शर्यत, मोटोजीपी, पहिल्यांदा भारतात झाली. तेव्हा उकाडा इतका होता की शर्यतीच्या ३ फेऱ्या कमी कराव्या लागल्या.

शर्यत नसते तेव्हा काही दिवस हे ट्रॅक साध्या चालकांना मिळतात. आपली गाडी आणायची, पैसे भरायचे, चामड्याचा जाड सूट, पाठीचं संरक्षण आणि चांगलं हेल्मेट घालायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये फेऱ्या मारायच्या. नंबर नाही, बक्षीस नाही. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. घाटात मोठ्या आवाजात गाड्या पळवणाऱ्यांनी आपली हौस इथेच भागवायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं. मांजरसुंब्याचा घाट हा एसटीचा, उसाच्या ट्रॅक्टरचा आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलांचा रस्ता आहे.

समजा, कपिलधारजवळच्या एका गावातली ताई आयुष्यातल्या पहिल्या ट्रॅक डेला चेन्नईला निघाली आहे. तिच्याकडे ४०० सीसीच्या आसपासची गाडी आहे. तिच्यापुढे प्रश्न दोनच : मोड कोणता ठेवायचा आणि टायरमध्ये हवा किती भरायची? पहिला प्रश्न बटणाचा आहे, म्हणून सगळे त्याचीच चर्चा करतात. मला मात्र दुसरा जास्त आवडतो, कारण त्यात आख्खं भौतिकशास्त्र गोल गोल फिरतंय.

आधी एक हिशोब करू. ताईची गाडी १६५ किलोची, ताई ५५ किलोची. एकूण २२० किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ११० किलो. टायरमध्ये ३० पौंड हवा आहे. पंक्चरच्या दुकानात 'तीस पौंड' म्हणतात त्याचा पूर्ण अर्थ असा, की टायरच्या आतल्या प्रत्येक चौरस इंचावर बाहेरच्यापेक्षा ३० पौंड वजनाइतका जास्त दाब आहे. आपल्या मापात सांगायचं तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २.१ किलो. एका चौरस सेंटिमीटरने २.१ किलो तोलायचे, तर ११० किलो तोलायला किती चौरस सेंटिमीटर लागतील?

११० भागिले २.१. उत्तर ५२!

टायरच्या जाड भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हे उत्तर अंदाजाचं आहे. पण ५२ चौरस सेंटिमीटर म्हणजे किती, ते कागदावर ७ गुणिले साडेसात सेंटिमीटरचा चौकोन काढून बघा. बोटं सोडून तुमचा तळहात जवळजवळ तेवढाच भरेल. एवढी मोठी गाडी, तिचं इंजिन, पडदा, संगणक, वर बसलेली ताई, सगळं मिळून जमिनीला टेकतं ते अशा दोन तळहातांवर. ताशी १४० किलोमीटरने धावतानाही दोनच तळहात. ब्रेक दाबायचा, वळायचं, वेग घ्यायचा, जे काही करायचं ते या दोन ठिकाणीच. संगणक कितीही हुशार असला, तरी त्याला तळहाताचा पंजा करता येत नाही.

हे तुम्हाला घरीच पाहता येईल. सायकलचं मागचं चाक ओलं करा, खाली कोरा कागद ठेवा, मित्राला सीटवर बसवा आणि चाक त्या कागदावर टेकवा. ओला ठसा उठेल. आता थोडी हवा सोडा आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा ठसा घ्या. ठसा मोठा झाला! वजन तेच आहे, दाब कमी झाला, म्हणून ते तोलायला जास्त जागा लागली. (नंतर हवा भरून ठेवा, नाहीतर शाळेत जाताना रिम दगडावर आपटेल.)

मग हवा भरपूर कमी करावी, ठसा मोठा होईल, पकड वाढेल, झालं की! इतकं सोपं असतं तर ताईला पंक्चरवाल्या काकांकडून नुसती हवा सोडून घेऊनच निघता आलं असतं. पण रबर हा मोठा लहरी पदार्थ आहे. त्याची पकड त्याच्या तापमानावर अवलंबून असते.

थंड रबर कडक असतो. डांबरी रस्ता बोटाने चाचपला तर तो खरखरीत लागतो, कारण त्यात खडीचे बारीक बारीक उंचवटे असतात. कडक रबर त्या उंचवट्यांच्या टोकांवर नुसता टेकतो. कोमट रबर मऊ होऊन त्यांच्यामधल्या खळग्यांत शिरतो. टाकी लावलेल्या जात्याच्या दगडावर मऊ कणकेचा गोळा दाबला की तो कसा खाचांमध्ये धरून बसतो, अगदी तसं. पण रबर फारच तापला तर बुळबुळीत होतो आणि पकड पुन्हा कमी होते. म्हणजे टायर योग्य तितकाच गरम हवा.

आणि टायर गरम कशाने होतो? बहुतेकांना वाटतं, रस्त्यावर घासून. घासण्याचा वाटा असतोच, पण मोठा वाटा वाकण्याचा असतो. एक जाड रबर बँड घ्या, ओठांना टेकवा. आता तो वीस-पंचवीस वेळा भराभर ताणा आणि सोडा, आणि लगेच पुन्हा ओठांना लावा. कोमट लागेल. (डोळ्यांपासून लांब धरा, सटकला तर लागेल.) रबर ताणायला तुम्ही जेवढी ताकद लावता तेवढी सगळी तो सोडताना परत देत नाही. थोडी स्वतःकडे ठेवतो आणि ती उष्णता होते. टायरचंही असंच. चाकाच्या प्रत्येक फेरीत तो तळहाताएवढा भाग जमिनीवर सपाट होतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. ताशी १०० किलोमीटरने धावताना हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा घडतं. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो आणि लवकर तापतो. हवा जास्त असेल तर कमी वाकतो आणि थंडच राहतो.

आता कोड्याचा खरा गाठीचा भाग. टायर तापला की आतली हवाही तापते. हवा तापली की तिचे रेणू जास्त जोरात टायरच्या भिंतीवर आदळतात, आणि दाब वाढतो. किती? त्याचा नियम सोपा आहे, फक्त दोन पथ्यं पाळावी लागतात. तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. आणि दाब मोजताना बाहेरच्या वातावरणाचा दाबही धरायचा, कारण पंपावरचं मीटर फक्त आत आणि बाहेर यांतला फरक दाखवतं.

चेन्नईला सकाळी २७ अंश आहेत. २७ अधिक २७३, म्हणजे ३०० केल्व्हिन. मीटर ३० पौंड दाखवतंय. समुद्रकाठच्या चेन्नईत वातावरणाचा दाब १४.७ पौंड, म्हणजे आतला एकूण दाब ४४.७. ट्रॅकवर चार-पाच जोरदार फेऱ्या मारल्यावर आतली हवा समजा ५७ अंशांवर गेली, म्हणजे ३३० केल्व्हिन. तापमान एक दशांशाने वाढलं, म्हणून एकूण दाबही एक दशांशाने वाढला : ४९.२. त्यातून बाहेरचे १४.७ वजा करा. मीटर दाखवेल ३४.५!

कोणी पंप लावला नाही, हवेचा एक रेणूसुद्धा आत गेला नाही, आणि ३० चे साडेचौतीस झाले. ठसा आक्रसला, टायर कडक झाला. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा रस्त्यासाठी असतो आणि थंड टायरसाठी असतो. डबलसीट, खड्डे, लांबचा प्रवास, हे सगळं त्यात धरलेलं असतं. ट्रॅकवर मात्र महत्त्व असतं गरम झाल्यावरच्या आकड्याला.

म्हणून ताईने उलट्या दिशेने गणित करायचं. टायर बनवणाऱ्या कंपनीने तिला समजा सांगितलं, की या टायरला ट्रॅकवर गरम असताना ३१ पौंड ठेवा. ३१ अधिक १४.७ म्हणजे ४५.७. याला १.१ ने भागलं की ४१.५. त्यातून १४.७ गेले की उरतात २६.८. म्हणजे सकाळी थंड टायरमध्ये २७ पौंड भरून निघायचं आणि बाकीचे ४ पौंड ट्रॅकलाच भरू द्यायचे! हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येक टायरचा आकडा वेगळा असतो, म्हणून तो कंपनीकडूनच घ्यायचा. पद्धत मात्र सगळीकडे हीच.

आणि ही हवा कपिलधारहून भरून नेली तर? ताईची गाडी टेम्पोत चढवून नेली, चाक एकदाही फिरलं नाही आणि तापमानही तेच राहिलं, तरी चेन्नईला मीटर वेगळं दाखवेल. बीडची उंची समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या थोडी वर आहे. आपल्या डोक्यावर समुद्रकाठच्या लोकांपेक्षा अर्धा किलोमीटर हवा कमी आहे, म्हणून इथे वातावरणाचा दाब १४.७ ऐवजी साधारण १३.८ भरतो. डोंगरातल्या कपिलधारला त्याहून किंचित कमीच. टायर बंद आहे, आतली हवा तीच आहे, पण खाली उतरल्यावर बाहेरची हवा जास्त जोराने दाबू लागते. आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि ३० पौंडांचे २९.१ दिसतात. बालाघाटाचा डोंगर असा मीटरच्या काट्यावर उमटतो, हे मला फार सुंदर वाटतं.

पेट्रोल पंपावर 'नायट्रोजन भरा' अशी पाटी असते, तिचं काय? आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे आणि तापल्यावर कोरडी हवा आणि नायट्रोजन सारखेच फुगतात. खोडी काढतं ते पाणी. पावसाळ्यात दमट हवा भरली आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं साचलेलं पाणी तिच्याबरोबर टायरमध्ये गेलं, तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब आपल्या गणितापेक्षा जास्त चढतो. म्हणजे हवा कोरडी असेल तर साधी हवा झकास.

आता मोडकडे वळू. ताई ट्रॅकवर पोचली. पडद्यावर 'ट्रॅक' लिहिलंय आणि ती ट्रॅकवरच उभी आहे. बटण दाबायचा मोह होणारच. पण पहिल्या पाळीत तिने ते बटण दाबू नये असं माझं ठाम मत आहे. ट्रॅक मोड हा ट्रॅक पाठ असलेल्या चालकासाठी असतो. कुठे ब्रेक दाबायचा, कुठे वळायचं, कुठे मूठ पिळायची, हे ज्याच्या हातांना माहीत आहे त्याला पहारेकऱ्याची लुडबुड नको असते. ताईला अजून बारापैकी एकही वळण ओळखीचं नाही. तिचं सगळं लक्ष रस्ता वाचण्यात जाणार. अशा वेळी मूठ चुकून जास्त पिळली गेली तर मोडने ती चूक पोटात घालायला हवी. म्हणून आधी रोड, आणि सकाळी ट्रॅक ओलसर असेल तर चक्क रेन. रेन मोडमध्ये गेल्याने कोणी लहान होत नाही. मूठ हळुवार असली की वळणाकडे बघायला डोकं मोकळं राहतं. दुपारपर्यंत वळणं ओळखीची झाली तर स्पोर्ट. ट्रॅक मोड पुढच्या वेळी, किंवा त्याच्याही पुढच्या वेळी.

पहिल्या दोन फेऱ्या सावकाश मारायच्या, कारण टायर अजून थंड आहेत. शर्यतीआधी काही चालक गाडी डावीकडे-उजवीकडे नागमोडी हलवतात, ते टीव्हीवर पाहिलं असेल. आपल्या गाडीच्या टायरला त्याने फारशी ऊब येत नाही. सरळ रस्त्यावर जरा जोराने वेग घ्या, जरा जोराने ब्रेक दाबा, म्हणजे टायर नीट वाकतो आणि तापतो. मोठ्या शर्यतींत तर टायरना आधीच विजेवर तापणाऱ्या गोधड्या गुंडाळून ठेवतात!

वळणात गाडी किती कलते? त्यासाठी शेवटचा प्रयोग. एका फळीवर खोडरबर ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू वर उचला. एका कोनाला खोडरबर घसरेल. तो कोन मोजा. आता विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, त्याच रबराचे टायर असलेली आणि त्याच फळीचा रस्ता असलेली गाडी वळणात जास्तीत जास्त तेवढ्याच कोनातून कलू शकेल! दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : आडव्या ओढीला रबर किती पुरून उरतो? चांगले टायर कोरड्या डांबरावर ४५ अंशांच्या आसपास पुरून उरतात. मोटोजीपीचे गरम, मऊ टायर ६० अंशांच्याही पुढे जातात. आता फळीला पाणी लावून बघा. कोन कमी झाला ना? रेन मोड नेमका यासाठी आहे. तो पकड वाढवत नाही, उरलेल्या पकडीत काम भागवतो.

कलण्यामुळे आणखी एक गोष्ट होते. सरळ जाताना टायरचा मधला भाग टेकतो, वळताना कडेचा. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतील तर टायरची उजवी बाजू गरम आणि डावी थंड राहते. जर्मनीत झाक्सनरिंग नावाचा ट्रॅक आहे. त्याच्या १३ वळणांपैकी १० डावी आणि फक्त ३ उजवी. ओळीने डावी वळणं घेत घेत चालक अकराव्या वळणाला येतात, ते अचानक उजवं! तोवर टायरची उजवी बाजू थंड पडलेली असते, आणि तिथे भलेभले विश्वविजेते पडले आहेत. म्हणून मोटोजीपीसाठी टायर पुरवणारी मिशलिन कंपनी दोन बाजूंना वेगवेगळा रबर असलेले टायर बनवते.

हवेच्या दाबाची सगळ्यात भारी गोष्ट मात्र थायलंडमधली. मोटोजीपीमध्ये नियम आहे, की पुढच्या टायरचा दाब शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांमध्ये १.८ बारच्या खाली जाता कामा नये. १.८ बार म्हणजे साधारण २६ पौंड, गावातल्या कितीतरी मोटारसायकलींच्या टायरइतकाच! दाब त्याहून कमी राहिला तर टायरला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून चालकाच्या वेळेत १६ सेकंद वाढवतात. या शर्यतींत १६ सेकंद म्हणजे सगळं संपलं.

२ मार्च २०२५ला थायलंडमधल्या बुरीरामच्या ट्रॅकवर मार्क मार्केझ हा चालक सगळ्यांच्या पुढे होता. त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक्स मागोमाग. आणि मार्कने एकाएकी वेग कमी केला, भावाला पुढे जाऊ दिलं! बघणाऱ्यांना वाटलं, गाडी बिघडली. पण मार्कला कळलं होतं, की पुढच्या टायरचा दाब कमी आहे. सगळ्यात पुढे असलेल्या चालकाच्या टायरवर ताजी हवा आदळते आणि तो गार राहतो. मार्क भावाच्या मागे जाऊन बसला. अ‍ॅलेक्सच्या इंजिनाची आणि टायरची गरम हवा त्याच्या पुढच्या चाकावर येऊ लागली. रबर तापला, आतली हवा तापली, रेणू जोरात आदळू लागले, दाब चढला. बऱ्याच फेऱ्या तो तसाच मागे राहिला. शर्यत संपत आली तेव्हा पुन्हा पुढे गेला आणि जिंकला. पंप नाही, थांबणं नाही, फक्त भावाच्या मागची गरम हवा. आपण मघाशी केलेलं गणित तो ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात करत होता.

ताईकडे एवढा तामझाम नसणार. तिला चांगलं दाबमापक आणि एक वही पुरते. पाळी संपवून आत आली की हेल्मेट काढायच्या आधी दोन्ही टायरचा दाब मोजायचा, कारण दोन-तीन मिनिटांत टायर निवायला लागतो. ३१ अपेक्षित होते आणि ३३ आले, तर गरम असतानाच २ पौंड सोडायचे. २९ आले, तर घाईने भरायचं नाही. आधी विचारायचं, मी पुरेशा वेगाने गेले का? पहिल्या ट्रॅक डेला उत्तर बहुधा 'नाही' असतं आणि त्यात काहीच वाईट नाही. वेग वाढला की दाब आपोआप चढेल. वहीत वेळ, ऊन, मोड, जातानाचा दाब, आल्यावरचा दाब लिहायचं. गाडी उभी करताना दोन्ही चाकं सावलीत आहेत ना तेही बघायचं. पुढचं उन्हात आणि मागचं सावलीत राहिलं तर 'थंड' म्हणून घेतलेला आकडा खोटा निघतो.

संध्याकाळी टायर पूर्ण निवले की हवा पुन्हा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणायची. ट्रॅकचे २७ पौंड घेऊन महामार्गाला लागणं धोक्याचं आहे. सामान असतं, खड्डे असतात, आणि तासन्‌तास जास्त वाकत राहिलेला टायर नको तितका तापतो.

आता तुमची पाळी. ताईने जानेवारीत चेन्नईला २७ अंश तापमान असताना बरोबर ३० पौंड हवा भरली आणि गाडी टेम्पोत चढवली. दोन दिवसांनी पहाटे ती बीडला पोचली तेव्हा थंडी कडाक्याची होती, १२ अंश. हवा कुठेही गळली नाही. मीटर किती दाखवेल? डोंगरावर चढल्याने आकडा वाढायला हवा, थंडीने तो कमी व्हायला हवा. जिंकेल कोण? चेन्नईचे १४.७ आणि बीडचे १३.८ धरा, केल्व्हिनचे २७३ विसरू नका. उत्तर २८.७च्या जवळ आलं तर गणित जमलं.